अतिसूक्ष्म कणांतील औषध : शिरेपासून गाठीपर्यंतचा प्रवास

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्या सभेत कर्करोग विभागाच्या प्रमुखांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी विभागाचा अहवाल वाचून दाखवावा आणि चहापानास जावे, असा माझा शिरस्ता आहे. यंदा तो मोडावा लागला, त्यास कारण एक पत्र. आपल्या एका जुन्या देणगीदारांनी त्यांच्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ मोठी रक्कम देऊ केली असून ती कर्करोगावरील ‘नॅनो’ औषधांसाठीच खर्च व्हावी, अशी इच्छा व्यक्त केली आहे. हे औषध निरोगी पेशींना धक्का न लावता थेट गाठीवर जाते असे त्यांच्या वाचनात आले आहे. मग ते गरीब रुग्णास का मिळू नये, असे ते विचारतात. प्रश्न अत्यंत रास्त आहे. वर्तमानपत्राचे कात्रण हाती घेऊन बाह्यरुग्ण विभागात येणारे नातेवाईकही मला हेच विचारतात आणि बाहेर रांग उभी असल्यामुळे मी दोन वाक्यांत त्यांची बोळवण करतो. ती उणीव आज भरून काढण्याचा प्रयत्न करतो.

आपल्या दिवसोपचार कक्षात गेलात तर एखाद्या खाटेशेजारी लाल रंगाचे औषध शिरेतून जात असलेले दिसेल. रुग्ण त्यास ‘लाल औषध’च म्हणतात. त्याचे नाव डॉक्सोरुबिसिन. इटलीच्या आग्नेय भागात कास्तेल देल माँते नावाचा तेराव्या शतकातील एक किल्ला आहे. त्याच्या परिसरातील मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून या कुळातील औषधे निघाली. जवळच्या ॲड्रिआटिक समुद्रावरून त्यास ॲड्रिआमायसिन हे दुसरे नाव मिळाले. स्तनाचा कर्करोग, रक्ताचे काही कर्करोग, हाडांचे व स्नायूंचे कर्करोग यांवर गेली पाच दशके हे औषध आपला आधार आहे. परंतु त्यास गाठ कोणती आणि निरोगी पेशी कोणती हे कळत नाही. ते झपाट्याने विभागणाऱ्या प्रत्येक पेशीवर घाला घालते, म्हणून केस गळतात, तोंड येते, पांढऱ्या पेशी घटतात. हे सारे भरून येते. भरून येत नाही ते हृदयाचे नुकसान. म्हणून आयुष्यभरात एका रुग्णास एकूण किती औषध द्यावयाचे यास मर्यादा आहे : शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम. ती मर्यादा गाठली की गाठ औषधाला दाद देत असली तरीही हात आखडता घ्यावा लागतो. कर्करोगतज्ज्ञाच्या आयुष्यातील अत्यंत क्लेशकारक प्रसंगांपैकी हा एक होय.

औषधाने नेमके रोगाच्या जागी जावे, ही कल्पना नवी नाही. जर्मन वैद्यक शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘जादूची गोळी’ असा शब्दप्रयोग केला होता. ‘नॅनो’ हे त्या जुन्या आशेचे आजचे नाव आहे.

आता हा कण म्हणजे केवढा, हे आधी पाहू. आपल्या रक्तातील एक तांबडी पेशी घरच्या भाकरीएवढी, म्हणजे फूटभर रुंदीची आहे, अशी कल्पना करा. त्या मापाने ज्या कणाविषयी मी बोलणार आहे, तो ज्वारीच्या दाण्याएवढा होईल. साध्या औषधाचा रेणू हा त्या मापाने पिठाचा कण. प्रत्यक्ष आकड्यांत सांगावयाचे तर दाणा सुमारे १०० नॅनोमीटरचा आणि रेणू जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. पुढील सगळी कथा या पीठ आणि दाणा यांतील फरकाची आहे. पीठ कोठल्याही फटीतून उडते, हृदयात जाते, केसांच्या मुळांत जाते. मूत्रपिंडाची चाळणी साधारण पाच-सहा नॅनोमीटरपर्यंतचेच पदार्थ सहजी बाहेर सोडते, म्हणजे आपल्या मापाने बारीक रवा. दाणा त्या चाळणीतून जात नाही आणि बहुतेक निरोगी रक्तवाहिन्यांच्या भिंतींतूनही निसटत नाही. दाण्याच्या पोटात औषध भरले तर ते रक्तातच फिरत राहील, आणि जेथे भिंतीला मोठी भोके असतील तेथेच बाहेर पडेल, असा हा हिशेब.

हा दाणा कशाचा? इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळील बॅब्रहॅम येथे ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की विशिष्ट मेद पाण्यात घातले असता त्यांचे आपोआप सूक्ष्म, पोकळ फुगे बनतात. आपल्या पेशींचे आवरणही अशाच मेदांचे असते. या फुग्यांना लायपोसोम म्हणतात. फुग्यात औषध भरणे मात्र सोपे नव्हते. भरलेले औषध गळून जाई. जेरुसलेम येथील येहेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गॅबिझॉन यांच्या गटाने यावर मोठी सुरेख युक्ती योजली. फुग्याच्या आत अमोनियम सल्फेटचे द्रावण ठेवावयाचे. बाहेरील डॉक्सोरुबिसिन आत शिरले की तेथेच त्याचे स्फटिक बनतात आणि स्फटिकास बाहेर पडता येत नाही. एका फुग्यात अशा रीतीने औषधाचे दहा हजारांहून अधिक रेणू कोंडता येतात. नोव्हेंबर १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधास मान्यता दिली. नॅनोकणांतील औषधांच्या इतिहासात हे पहिले मानले जाते.

येथवर कथा माणसाच्या हुशारीची आहे. यापुढे शरीराच्या हुशारीची सुरू होते.

कण शिरेत शिरताच क्षणार्धात रक्तातील प्रथिने त्यास चिकटू लागतात आणि त्याच्याभोवती एक वेष्टन तयार होते. २००७ मध्ये डब्लिन येथील संशोधकांनी या वेष्टनास प्रथिनांचे प्रभामंडल असे अर्थाचे नाव दिले. मला ही गोष्ट फार विचार करावयास लावणारी वाटते. आपण प्रयोगशाळेत कण कितीही काळजीने घडवला, तरी शरीरातील पेशी त्या कणास मूळ रूपात पाहतच नाहीत. त्या पाहतात ते वेष्टन. त्या वेष्टनातील काही प्रथिने म्हणजे ‘हा परका आहे’ असे सांगणारे शिक्केच असतात. यकृतातील अतिशय मंद वाहणाऱ्या रक्तमार्गांच्या कडेला कुफर पेशी नावाच्या भक्षक पेशी बसलेल्या असतात. शिक्का असलेला कण त्या गिळून टाकतात. त्यांच्या हातून सुटलेले प्लीहा पकडते. जंतूंपासून आपले रक्षण करणारी ही व्यवस्था आहे; तिला आमचा औषधाचा कण आणि एखादा जंतू यांत भेद करण्याचे काहीच कारण नाही.

या पहाऱ्यातून निसटण्यासाठी फुग्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉल या द्रव्याच्या लवचिक धाग्यांची लव लावतात. धागे पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांना लवकर चिकटू देत नाहीत. त्याचा परिणाम खरोखर विलक्षण आहे. साध्या डॉक्सोरुबिसिनचा मोठा भाग काही मिनिटांत रक्त सोडून सर्व शरीरात पसरतो. लव असलेल्या फुग्यांतील औषध दोन-तीन दिवसांनीही निम्म्याच्या आसपास रक्तात फिरत असते. हे कायमचे नव्हे. शेवटी मोठा वाटा यकृत व प्लीहेकडेच जातो. शिवाय काही व्यक्तींच्या शरीरात या धाग्यांविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. काहींना पहिल्याच वेळी, औषध सुरू होताच चेहरा लाल होणे, धाप लागणे, कंबर दुखणे असा त्रास होतो. आपल्या कक्षात पहिल्या खेपेस परिचारिका हे औषध अत्यंत सावकाश सोडतात आणि जागेवरून हलत नाहीत, ते याचसाठी. पुष्कळदा नातेवाईकांना वाटते की उगाच वेळ लावत आहेत.

आता गाठीकडे वळू. १९८६ मध्ये जपानमधील कुमामोतो विद्यापीठातील मात्सुमुरा आणि माएदा यांनी असे दाखविले की मोठ्या आकाराचे रेणू गाठीत साचून राहतात. गाठ घाईने वाढते, तिच्या रक्तवाहिन्याही घाईने आणि ओबडधोबड बनतात; त्यांच्या भिंतींत शेकडो नॅनोमीटरची भगदाडे असतात. निरोगी अवयवातील जादा द्रव वाहून नेणारी लसीकावाहिन्यांची व्यवस्था गाठीत धड नसते. म्हणजे आत येण्यास वाट आहे आणि बाहेर जाण्यास नाही. पावसाळ्यात तुंबलेल्या गटाराशेजारच्या तळघरात पाणी शिरावे आणि उपसा न व्हावा, तसे हे. हे तत्त्व इतके सोपे व आकर्षक होते की त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांनी त्यावर भिस्त ठेवली. ‘थेट गाठीवर जाणारे औषध’ हा वर्तमानपत्री वाक्प्रचार येथूनच निघाला आहे.

त्या शब्दांतील ‘थेट’ हा शब्द मला खटकतो. कण गाठीचा शोध घेत नाही. तो रक्ताबरोबर वाहत असतो आणि भगदाड सापडले तर आत पडतो. २०१६ मध्ये कॅनडातील टोरंटो विद्यापीठाच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांची झाडाझडती घेतली. शिरेतून दिलेल्या कणांपैकी गाठीपर्यंत किती पोहोचले? मध्यम मूल्य निघाले ०.७ टक्के, म्हणजे हजारात सात. या आकड्यावर पुष्कळ वाद झाला, आणि काही आक्षेप मला योग्यही वाटतात, कारण साधे औषध तरी गाठीत किती जाते? तेही अल्पच. परंतु उरलेले नऊशे त्र्याण्णव कोठे गेले, हा प्रश्न त्या आकड्याने सर्वांपुढे ठेवला, हे बरे झाले. त्याच गटाने २०२० मध्ये आणखी एक धक्का दिला. गाठीच्या रक्तवाहिन्यांत भगदाडे वाटतात त्याहून फारच थोडी असतात आणि त्यांनी अभ्यासलेल्या गाठींत शिरणारे ९७ टक्क्यांपर्यंत कण वाहिन्यांच्या अस्तरपेशींनी स्वतः उचलून आत घेतलेले असतात, असे त्यांनी मांडले. ज्यास आपण फुटकी भिंत समजत होतो, तेथे बहुधा दारवान आहे.

दुसरी गोष्ट उंदीर आणि माणूस यांतील अंतराची. प्रयोगातील उंदराची गाठ दोन-तीन आठवड्यांत वाढवलेली, अतिशय सच्छिद्र असते. माणसाची गाठ अनेकदा वर्षानुवर्षे वाढलेली, तंतुमय, घट्ट असते. तिच्या आतील द्रवाचा दाब इतका असतो की आत येणारे सर्व काही बाहेर ढकलले जाते. लंडनमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किरणोत्सारी खूण लावलेले लायपोसोम १७ कर्करोगरुग्णांना देऊन त्यांची छायाचित्रे घेण्यात आली. १५ रुग्णांच्या गाठी त्यांत उजळून दिसल्या. म्हणजे कण माणसातही गाठीत जातात हे सिद्ध झाले. परंतु डोके व मान यांच्या कर्करोगात जेवढे कण साचले, त्याच्या साधारण एक षष्ठांशच स्तनाच्या कर्करोगात साचले. आजार एकच, खुणेचे औषध एकच, तरी एका रुग्णाची गाठ ते घेते आणि दुसऱ्याची घेत नाही. बाह्यतः पाहून हे सांगता येत नाही.

मग कणावर पत्ताच लिहावा, असे कोणी म्हणेल. तसे प्रयत्न झाले आहेत. गाठीच्या पेशीवर एखादे विशिष्ट प्रथिन जास्त असते; त्यास नेमके चिकटणारे प्रतिपिंड कणाच्या पृष्ठभागावर बसवावयाचे. प्रयोगशाळेतील बशीत हे उत्तम चालते. २०१६ हे वर्ष या मार्गाने जाणाऱ्यांना फार कठीण गेले. स्तनाच्या कर्करोगासाठी असा पत्ता लावलेल्या लायपोसोमची मोठी चाचणी अपेक्षित लाभ न दिसल्याने थांबविण्यात आली, आणि पुरःस्थ ग्रंथीच्या पेशींवरील प्रथिनाचा पत्ता लावलेले कण बनविणाऱ्या एका नामवंत अमेरिकी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कारण समजण्याजोगे आहे. दाराशी आल्यानंतर कोणते दार उघडावयाचे, एवढेच त्या पत्त्याने ठरते. गल्लीपर्यंत आणण्याचे सामर्थ्य त्यात नाही. आणि वाटेत प्रथिनांचे वेष्टन चढले की पुष्कळदा पत्ताच झाकला जातो.

येथे आपल्यापैकी काहींचा चेहरा उतरलेला मला दिसतो आहे. म्हणून आता दुसरी बाजू सांगतो, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. २००४ मध्ये, शरीरात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ५०९ स्त्रियांवरील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांना साधे डॉक्सोरुबिसिन, निम्म्यांना लायपोसोममधील. आजार आटोक्यात राहिला तो काळ दोन्हीकडे जवळजवळ सारखा, सरासरी आयुर्मानही जवळजवळ सारखेच : २२ आणि २१ महिने. गाठीवर जादा मारा झाल्याचे काही दिसले नाही. परंतु साध्या औषधाने हृदयास इजा होण्याचा धोका लायपोसोमच्या तिप्पट होता. हृदयाच्या वाहिन्यांची भिंत शाबूत असल्यामुळे दाणा तेथे सहजी बाहेर पडत नाही. म्हणजे या औषधाचे खरे यश ते कोठे जाते यापेक्षा ते कोठे जात नाही, यात आहे. कात्रणांत हे वाक्य सापडत नाही, कारण त्याची बातमी होत नाही.

हृदय वाचते, तर त्याची किंमत त्वचेला मोजावी लागते. दिवसेंदिवस रक्तात फिरणारे हे फुगे तळहात व तळपाय यांच्या बारीक वाहिन्यांतून, विशेषतः जेथे दाब, घर्षण व उष्णता असेल तेथे, झिरपतात. हात लाल होतात, सुजतात, सालपटे निघतात. काही वर्षांपूर्वी आपल्याकडील एका मावशींच्या तळहातांची अशी दशा झाली की त्यांना पाण्याचा तांब्या उचलवेना. आम्ही त्यांना घट्ट चपला, गरम पाणी, ऊन सारे टाळण्यास सांगितले होते. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, सगळं पाळलं हो मी.” मग आमच्या एका परिचारिकेने विचारले की भाकऱ्या कोण थापते? घरात नऊ माणसे, दोन्ही वेळा भाकरी, आणि थापणाऱ्या त्या एकट्या. तळहातावर दाब, घर्षण आणि तव्याची धग, तिन्ही एकत्र. कोणत्याही परदेशी पुस्तकात हा प्रश्न विचारा असे लिहिलेले नाही. तेव्हापासून आमच्या सूचनापत्रकात भाकरीचा उल्लेख पहिल्या ओळीत आहे आणि तो आम्ही सासूबाईंना व मुलांनाही वाचून दाखवतो.

दुसरे उदाहरण पॅक्लिटॅक्सेलचे. यात आपल्या महाराष्ट्राचा एक धागा आहे. प्रशांत महासागराकाठच्या यू वृक्षाच्या सालीतून हे द्रव्य वेगळे करून १९७१ मध्ये त्याची रचना जाहीर करणाऱ्या अमेरिकेतील दोन रसायनशास्त्रज्ञांपैकी डॉ. मनसुख वाणी हे मूळचे नंदुरबारचे. २०२० मध्ये, वयाच्या पंचाण्णवव्या वर्षी ते निवर्तले. हे औषध पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून बनविलेल्या एका द्रावकात ते देतात. त्या द्रावकाने तीव्र ॲलर्जी होऊ शकते. त्यासाठी आधी स्टिरॉइड द्यावे लागते व औषध तीन तास चालवावे लागते. २००५ मध्ये मान्यता मिळालेल्या नव्या प्रकारात ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाशी बांधून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण केलेले आहेत. द्रावक नाही, अर्ध्या तासात औषध संपते. गंमत अशी की हे कण रक्तात शिरल्यावर लवकरच विरघळून अल्ब्युमिनचे सुटे रेणू होतात. येथे नॅनोकण हे केवळ बाटलीतून शिरेपर्यंतचे वाहन आहे. तरीही २०१३ मध्ये स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात जुन्या औषधास याची जोड दिल्याने मध्यम आयुर्मान ६.७ महिन्यांवरून ८.५ महिन्यांवर गेल्याचे दिसले. पावणेदोन महिने. ज्या घरात ते मिळाले, त्या घरास त्यांचे मोल विचारावे. बाहेरच्याने ते ठरवू नये.

आणि जेथे कण स्वभावतःच जातात, तेथे रोग असेल तर? मग शत्रूच मित्र होतो. बिहारमधील काळा आजार या रोगाचे परजीवी यकृत व प्लीहेतील भक्षक पेशींमध्येच दडून बसतात. मुझफ्फरपूर येथे डॉ. श्याम सुंदर यांच्या गटाने २०१० मध्ये दाखविले की लायपोसोममधील ॲम्फोटेरिसिनच्या एकाच मात्रेने जवळजवळ ९६ टक्के रुग्ण बरे होतात. हेच ते औषध, ज्यासाठी २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीच्या साथीत आपल्यापैकी कित्येकांनी रात्र-रात्र दुकाने पालथी घातली. साधे ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडास फार जाच देते, लायपोसोममधील पुष्कळ कमी. ती धावपळ त्या फरकासाठी होती. कर्करोगातही असे एक यश आहे. अस्थिमज्जेत लायपोसोम चांगले साचतात. एका प्रकारच्या तीव्र रक्तकर्करोगात दोन जुनी औषधे ठरावीक प्रमाणात एकाच फुग्यात कोंडून दिली असता वयस्कर रुग्णांचे मध्यम आयुर्मान सुमारे सहा महिन्यांवरून साडेनऊ महिन्यांवर गेले, आणि २०१७ मध्ये त्या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. कोविडच्या काही लशींतील मेदकणांविषयी आपण वाचले असेलच. त्यांचेच भावंड असलेले एक औषध २०१८ पासून यकृतात बनणाऱ्या एका प्रथिनाच्या आनुवंशिक विकारासाठी वापरले जाते, आणि तेथे वाटेत चढणारे प्रथिनांचे वेष्टनच त्या कणांस यकृतपेशीत घेऊन जाते.

आता थोडे माझ्याविषयी बोलणे भाग आहे. मी या संस्थेत येण्यापूर्वी, दुसऱ्या एका शहरात नवखा डॉक्टर होतो. एका शेतकरी गृहस्थांच्या पत्नीस स्तनाचा कर्करोग होता. तिचे हृदय उत्तम होते, पूर्वी काही औषध झालेले नव्हते. लायपोसोमचे औषध तेव्हा नवे होते, मीही भारावलेला होतो. मी त्यांना म्हणालो, “हे थेट गाठीवर जाते.” त्यांनी दोन एकर जमीन विकली. साध्या औषधाने तिला जेवढा गुण आला असता, तेवढाच आला, अधिक नाही. ती गेल्यानंतर ते गृहस्थ मला भेटावयास आले, माझे आभार मानून गेले. त्यांनी रागाने चार शब्द ऐकविले असते तर मला सोपे गेले असते. ‘थेट’ हा शब्द मला का खटकतो, ते आता आपल्या ध्यानात आले असेल.

म्हणून देणगीदार महोदयांच्या पत्रास माझे उत्तर असे आहे. ज्या रुग्णास हे औषध खरोखर लागते, त्यास ते पैशांअभावी नाकारले जाऊ नये. असे रुग्ण आहेत : बीजांडकोशाचा कर्करोग उलटलेल्या काही स्त्रिया, पूर्वी लाल औषधाची मर्यादा जवळ आलेली, पण त्यास अजून दाद देणारी गाठ असलेल्या, ज्यांचे हृदय आधीच अशक्त आहे असे. या सर्वांची संख्या आपल्या विभागात मोठी नाही. उरलेल्या बहुसंख्य रुग्णांस साधे औषध पुरते. परंतु त्यांच्या हृदयाची तपासणी औषधापूर्वी आणि मध्ये-मध्ये होणे अत्यावश्यक आहे. ती सोनोग्राफीसारखीच तपासणी असून आजही कित्येक जण तिचा खर्च वाचविण्यासाठी ती टाळतात, आणि धाप लागू लागली की येतात. मी त्यांना लिहिले आहे की निधीचा एक भाग लायपोसोमच्या औषधासाठी राखावा आणि मोठा भाग या तपासण्यांसाठी. ‘नॅनो’ हा शब्द फलकावर राहणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही, आणि ते काहीही आले तरी त्यांच्या भावनेविषयीचा माझा आदर कमी होणार नाही.

विश्वस्तांसाठी खरेदीविषयी एक-दोन शब्द. हे औषध आता आपल्या देशातही बनते. २०१२ मध्ये अमेरिकेत मूळ औषधाचा तुटवडा पडला, तेव्हा तेथील प्रशासनाने सन फार्मा या भारतीय कंपनीचे औषध तात्पुरते आयात करू दिले आणि २०१३ मध्ये त्यांच्या पर्यायी औषधास रीतसर मान्यता दिली. परंतु साध्या गोळीची नक्कल आणि लायपोसोमची नक्कल यांत फरक आहे. औषध तेच असून चालत नाही. फुग्याचा आकार, त्यावरील लव, गळतीचे प्रमाण हे सारे जुळावे लागते, अन्यथा ते शरीरात निराळे वागते. म्हणून केवळ निविदेतील सर्वांत कमी दर पाहून हे औषध घेऊ नये, अशी माझी विनंती आहे. ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते आणि गोठता कामा नये, कारण गोठले की फुगे फुटतात. दिवसोपचार कक्षातील शीतकपाट व त्याचा इन्व्हर्टर गेल्या वर्षी ज्या कुटुंबाने दिला, ते येथे उपस्थित आहेत. भारनियमनाच्या दिवसांत या वस्तूचे महत्त्व आमच्या औषधनिर्मात्यांना विचारा.

नातेवाईकांसाठी शेवटचे. हे औषध चालू असताना बाटलीत ग्लुकोज का, सलाईन का नाही, असे आपण विचारता. ते फुग्यांच्या स्थैर्यासाठी आहे, कोणी चूक केलेली नसते. तळहात किंवा तळपाय चुरचुरू लागले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कक्षात दूरध्वनी करावा; मात्रा पुढे ढकलून हा त्रास आवरता येतो. मराठी सूचनापत्रकाच्या प्रती बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत, जाताना अवश्य घ्याव्यात. आता चहा निवण्यापूर्वी कोणास काही विचारावयाचे असल्यास मी येथेच उभा आहे.